खासगी तळ्याचा बांध : खाली काय आहे ते आधी पाहावे

वडूज परिसरात पाऊस मुळातच कमी. त्यामुळे ओढ्यावर मातीचा बांध घालून केलेले तळे फुटेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही. अलीकडे अशा तळ्यांत मासे सोडणे, हुरड्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी नाव ठेवणे हे प्रकार सुरू झाले आहेत. जोडधंदा चांगला आहे, पण बांधाची जबाबदारी मालकाचीच. धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांसाठी आहे. चार-पाच मीटरचा बांध त्यात बसत नाही.

धोक्याची प्रतवारी करताना बांध किती मजबूत आहे हे पाहत नाहीत. तो फुटलाच तर खाली काय सापडेल, हे पाहतात. खाली पडीक रान असेल तर धोका कमी. विहीर, मोटार, उभे पीक, रस्ता असेल तर मध्यम. एक जरी राहते घर असेल तर धोका मोठा समजावा. ओढ्याकाठी हंगामात पडणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या झोपड्या आणि मेंढपाळांचे वाडे मालकाच्या हिशेबात बहुधा नसतात. अर्धा हेक्टर तळ्यात सरासरी २ मीटर पाणी म्हणजे १०,००० घनमीटर, अर्थात दहा हजार टन वजन!

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे लहान धरण फुटले. पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे दगावली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पुढे चर्चा मात्र खेकड्यांची झाली! एकाच ओढ्यावर खाली आणखी बांध असतील तर तेही जमेस धरावेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्याच दिवशी खालचे खडकवासलाही गेले.

आपल्याकडचा खरा घात दुष्काळातच सुरू होतो. तळे वर्ष-दोन वर्षे कोरडे राहिले की चिकण माती भेगाळते, बांधावर वेड्या बाभळी वाढतात, उंदीर-घुशी बिळे करतात. मग परतीच्या पावसात एका रात्रीत तळे भरते आणि पाणी भेगेतून वाट काढते. म्हणून मे महिन्यात भेगा व बिळे खणून, ओलसर माती थराथराने धुमसून भरावीत. झुडपे लहान असतानाच काढावीत. मोठ्या झाडाचे मूळ कुजले की आत नळी तयार होते.

सांडव्यावर वाळूची पोती रचून पाणी वाढविणे किंवा मासे जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. जाळीत पालापाचोळा अडकतो, सांडवा तुंबतो आणि पाणी माथ्यावरून जाते. मातीचा बांध ते सोसत नाही. सांडवा पूर्ण वाहत असतानाही माथा पाण्यापासून अर्धा ते एक मीटर वर राहिला पाहिजे.

पावसाळ्यात पायथ्याशी रोज फेरी मारावी. थोडे स्वच्छ पाणी पाझरत असेल तर लक्ष ठेवावे. ते गढूळ येऊ लागले म्हणजे बांधाची माती आतून वाहत आहे. अशा वेळी मोरी पूर्ण उघडून पाणी उतरवावे, परंतु त्याआधी खालच्या घरांना कळवावे. रात्र असल्यास फोनवर विसंबू नये, माणूस धाडावा.