आधी झाडं ओळख

चि. सईस,


परीक्षा संपली की तू मे महिनाभर तळकोकणात आजीकडे राहणार आणि रोज सकाळी रानात जाणार, हे वाचून फार बरं वाटलं. फुलपाखरं नेमकी कुठे दिसतील, असं विचारलंस. माझं सांगणं एवढंच, की त्यांच्यामागे धावू नकोस. आधी झाडं ओळखायला लाग.

सुरुवात परसातल्या कढीपत्त्यापासून कर. कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसलं तर नीट निरखून पाहा, ती कॉमन मॉरमॉनची लहान अळी असू शकते. वाढली की ती हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. लिंबावर कदाचित राणी पाकोळीची अळीही मिळेल. काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं हे मोठं फुलपाखरू २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे.

पुढे पाणंदीत रुई लागेल. तिथे केशरी रंगाचं, पंखांच्या टोकाला काळं-पांढरं असलेलं प्लेन टायगर घिरट्या घालतं. त्याची अळी रुईची पानं खाते आणि त्यातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब तशीच दिसते, पण तिच्या अंगात ते विष नसतं! दोघींतला फरक पंखांवरून पटकन कळायचा नाही. मात्र अंडी घालायला एक रुईकडे जाते, तर दुसरी घोळीच्या भाजीकडे. झाडं ओळख असं म्हणतो, ते यासाठी.

मे महिन्यात ओढे आटतात. जिथे थोडी ओल उरली असेल तिथे नऊच्या सुमारास जाऊन बस, आणि तुझी सावली ओलीवर पडू देऊ नकोस. त्या मातीतले क्षार शोषायला फुलपाखरं, बहुतेक नरच, थव्याने उतरतात. शांत बसलीस तर स्वर्गीय नर्तक पाण्यात सूर मारताना दिसेल, विणीच्या दिवसांतला लाल गळ्याचा सरडा कुंपणावर माना डोलावेल. सतत चालणाऱ्याला हे क्वचितच दिसतं.

संध्याकाळी झाडांखालच्या पाचोळ्यात ईव्हनिंग ब्राऊन शोध. पावसाळी पिढीच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात. उन्हाळ्यात ते जवळजवळ पुसले जातात आणि फुलपाखरू वाळक्या पानात मिसळून जातं. पण पाचोळ्यात आणि दगडांखाली हात घालू नकोस. त्या भागात फुरसं असतं आणि त्याचं विष जिवावर बेततं. पायात बूट हवेतच. फुलपाखरू चिमटीत धरायचं नाही, पंखांवरचे खवले गळतात. वहीत तारीख, वेळ आणि झाडाचं नाव लिहीत जा. चित्र जमलं नाही तरी चालेल.

आणखी एक. भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायची, आग कधीकधी बांध ओलांडून डोंगराला लागते आणि गवतातली अंडी, अळ्या, कोष जळून जातात. यंदा आजोबांना आणि शेजारच्यांना सांग, की आधी बांधालगतचा पाचोळा ओढून घ्या आणि वारा पडल्यावरच पेटवा. तुझ्या शब्दाला ते मान देतील. हे काम मात्र विसरू नकोस.

तुझा,
मामा