कानाचा पडदा शिवल्यावरही पुन्हा का फाटतो?



देवरी तालुक्यातील एका मुलीच्या कानाच्या पडद्याचे ऑपरेशन मे महिन्याच्या शेवटी झाले. दिवाळीत तपासले तर पडद्याला पुन्हा छिद्र! तिचे वडील म्हणाले, "ताई, मग ऑपरेशन करून उपयोग काय झाला?" त्या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी समजून घ्यावे, म्हणून हा पाठ.

आपण "पडदा शिवला" म्हणतो, पण सहसा तो शिवत नाहीत. कानाच्या वरच्या स्नायूवरील पातळ आवरण काढून ते छिद्रावर ठिगळासारखे बसवतात आणि विरघळणाऱ्या स्पंजाचा आधार देतात. वेल मांडवावर चढावा, तशी नवी त्वचा या ठिगळावर वाढते. बहुतेकांचे ठिगळ धरते. काहींचे धरत नाही, त्याची मुख्य कारणे अशी:

१. कानात पाणी किंवा जंतू गेले की पू होतो व ठिगळ सुटते.

२. नाक व कान यांना जोडणारी नळी सर्दीने किंवा ॲलर्जीने बंद राहिली, तर पडद्यामागे हवा पोचत नाही आणि ठिगळ आत ओढले जाते.

३. नाक जोरात शिंकरल्याने किंवा तोंड मिटून शिंकल्याने ठिगळ सरकते.

४. छिद्र मोठे किंवा पुढच्या कडेला असेल, तर ठिगळाला आधार व रक्तपुरवठा कमी मिळतो. विडी-सिगारेटनेही जखम भरण्यास अडथळा येतो.

५. कानामागच्या हाडात जुना रोग राहून गेलेला असतो.

या मुलीच्या बाबतीत चूक माझी होती. "कानात पाणी जाऊ देऊ नका," एवढेच मी सांगितले. ती आंघोळ कुठे करते, हे विचारले नाही. ती रोज बोडीत डुबकी मारत होती आणि जुलैत रोवणीला पावसात भिजत होती. कान वाहू लागला तेव्हा घरच्यांनी तेल घातले. तपासणीची तारीख बसभाड्याअभावी चुकली.

आता मी आधी घर पाहते. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानात कसा ठेवायचा, हे आईला करून दाखवते. कानात तेल किंवा पाल्याचा रस घालू देत नाही.

कान काही महिने कोरडा राहिला की दुसरे ऑपरेशन करता येते. मुलगी त्यासाठी तयार आहे. तिला प्रार्थनेत आठवा. आणि ऑपरेशनाच्या खर्चाबरोबर नंतरच्या तपासण्यांच्या बसभाड्यालाही हातभार लावा. पुष्कळदा ठिगळ तिथेच वाचते.