घरातील वीज व गळतीपासून संरक्षण

स्नान आटोपून ओलेत्याने, अनवाणी देवघरात जाण्याचा परिपाठ सुभानपुऱ्यातील आपल्या कित्येक सभासदांच्या घरी अद्याप टिकून आहे. समईबरोबर तेथे आता विजेच्या माळाही आल्या आहेत. ओले अंग, ओली फरशी आणि आवरण झिजलेली वायर एकत्र आल्यास काय घडते, याचा विचार गणेशोत्सवापूर्वीच व्हावा, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

बोर्डात एमसीबी बसविली म्हणजे जीव सुरक्षित झाला, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. वायर तापून पेटू नये हे एमसीबीचे काम. माणूस तिच्या हिशेबात येतच नाही. आपली वीज २३० व्होल्टची. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर शरीरातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहील. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची दादही लागत नाही. हृदयाची गती बिघडविण्यास मात्र तो पुरेसा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांच्या प्रयोगांत असे दिसले की, सरासरी १६ मिलिअँपिअरच्या पुढे प्रौढ पुरुषास हातातील तार सोडवत नाही. स्त्रियांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली आहे.

म्हणून आरसीसीबी हवी. फेजने गेलेला व न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांचा जमाखर्च ती अखंड पाहते. मेळ बसला नाही, तर उरलेला प्रवाह कोणाच्या तरी शरीरातून अथवा गीझरच्या पत्र्यातून जमिनीत चालला आहे, हे ती ताडते. ३० मिलिअँपिअरच्या फरकास सेकंदाच्या तीन दशांशांत, आणि त्याच्या पाचपट फरकास एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ती वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्यावी.

“आमचे अर्थिंग उत्तम आहे,” असे कोणी म्हणतील. पण बडोद्याच्या उन्हाळ्यात जमीन सुकते. अर्थिंगचा रोध २० ओहम झाला, तर बिघडलेल्या गीझरमधून साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी पडणार नाही आणि गीझरचा पत्रा जिवंत राहील.

पावसाळ्यात आरसीसीबी वरचेवर पडू लागली की वायरमनला बोलावून ती ‘डायरेक्ट’ करून घेण्याची चाल आहे. हिचा आम्ही स्पष्ट निषेध करतो. पडणे हा तिचा दोष नव्हे, तिची तक्रार आहे, गळती शोधावी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात ज्यांचे सॉकेट बुडाले, त्यांनी ते केवळ वाळवून वापरात ठेवले असल्यास प्रथम तेथेच पाहावे. आरोशीच्या माळेसाठी न्यूट्रलऐवजी अर्थची तार जोडण्याची युक्तीही अशीच घातक.

आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराची कळ असते. महिन्यातून एकदा ती दाबावी. वीज गेली नाही, तर उपकरण बदलावे. मात्र एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्यास हे उपकरण वाचवू शकत नाही, कारण तेथे जमाखर्च जुळतो. सैल स्क्रूपाशी उडणाऱ्या ठिणग्याही तिला दिसत नाहीत. त्या ओळखणारी निराळी उपकरणे निघाली आहेत, पण आपल्या घरांतून ती क्वचितच आढळतात. तोवर नाक, कान व हात हेच साधन: प्लग गरम लागला, चरचर ऐकू आली वा जळका वास आला, तर त्या सॉकेटची वीज मुख्य बोर्डावरून तत्काळ बंद करावी आणि वायरमन येईतो चालू करू नये.