घरगुती रेशीम-कीटक-संगोपन : आधी पाल्याचा हिशेब

पुणे शहरात व भोवतालच्या गावांत रेशमाचे किडे घरी पाळून पाहण्याची हौस अधूनमधून दिसून येते. कोठे शाळेतील मुले पुठ्ठ्याच्या खोक्यात पाचपन्नास किडे ठेवतात, तर कोठे एखादे शेतकरी कुटुंब जोडधंदा म्हणून त्याकडे वळते. या भागात हा प्रयत्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुट्टी नावाच्या इटालियन गृहस्थाने सरकारी साहाय्याने दख्खनमध्ये तुतीची लागवड व रेशीम-उत्पादन रुजविण्याची खटपट केली. पुढे 1870 नंतर मेजर कूसमेकर या अधिकाऱ्याने पुण्यात टसरच्या रानटी किड्यांवर प्रयोग केले. पहिली खटपट टिकली नाही आणि दुसरीतूनही या भागात धंदा उभा राहिला नाही. आज परिस्थिती निराळी आहे. 1997 साली नागपूर येथे राज्याचे स्वतंत्र रेशीम संचालनालय स्थापन झाले असून, निरोगी अंडीपुंज व सल्ला जिल्हा रेशीम कार्यालयामार्फत मिळू शकतो.

तथापि अंडी सहज मिळतात म्हणून ती आधी आणावयाची, ही चूक फार जणांकडून होते. तुतीचा किडा तुतीखेरीज दुसऱ्या पाल्यावर नीट वाढत नाही. एका अंडीपुंजात सुमारे 400 ते 500 अंडी असतात. संकरित दुबार जातीच्या 100 पुंजांस साधारणपणे 1,000 किलो पाला लागतो; म्हणजे एका पुंजास सुमारे 10 किलो, व शंभर किड्यांस दोन ते अडीच किलो. हा आकडा ऐकून कोणी भिणार नाही. खरी अडचण पुढेच आहे. या पाल्यापैकी 80 टक्क्यांहून अधिक पाला किडा शेवटच्या सात-आठ दिवसांत खातो. पहिले पंधरा दिवस मूठभर पाल्यावर भागते, त्यामुळे पाळणारा निर्धास्त राहतो. आणि मग एकाएकी एका पुंजास रोज किलोभराहून अधिक पाला लागू लागतो. अंगणातले एकुलते झाड तोपर्यंत ओरबाडून झालेले असते. ऐन कोष करण्याच्या वेळी उपाशी राहिलेला किडा एकतर मरतो, नाहीतर पातळ व हलका कोष करतो. म्हणून ग्रामसेवकाने प्रथम झाड पाहावे. मध्यम आकाराच्या एका फांदीचा पाला तोडून वजन करावे, तशा फांद्या किती आहेत ते मोजावे, आणि येणाऱ्या आकड्यास पुरतील त्याच्या निम्मेच किडे ठेवण्यास सांगावे. उरलेला पाला वाया जात नाही. तो जनावरे आवडीने खातात.

पुण्याच्या हवेत पावसाळ्याच्या मध्यापासून माघापर्यंतचा काळ सोयीचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत खोली तापते, तोडलेला पाला तासाभरात कोमेजतो व नवख्याच्या हातून पीक क्वचितच पार पडते. लहान किड्यांना 26 ते 28 अंश उष्णता व दमट हवा मानवते. मोठ्यांना 23 ते 26 अंश उष्णता व खेळती हवा लागते. हा फरक ध्यानात न घेता दोन्ही वयांत खोली एकसारखी बंद ठेवली, तर रोग हटकून होतो. थंडीत रात्री खोली गार पडते, तेव्हा ऊब द्यावी. पण धूर करणारी शेगडी ठेवू नये.

खोली व साहित्य विरंजक चूर्णाच्या द्रावणाने आधी धुऊन घ्यावे. अंड्यांवर काळे ठिपके दिसू लागले की दोन दिवस ती अंधारात ठेवून मग सकाळी उजेडात उघडावी. म्हणजे बहुतेक अळ्या एकाच वेळी बाहेर पडतात. आरंभी शेंड्याकडील कोवळी, पण पूर्ण उमललेली पाने बारीक चिरून दिवसातून तीन-चार वेळा द्यावीत. पावसात भिजलेला पाला पुसून कोरडा केल्याशिवाय घालू नये.

वाढीच्या काळात किडा चार वेळा कात टाकतो. त्या वेळी तो डोके वर करून निश्चल बसतो व काही खात नाही. घरातील मुलांना तो आजारी वाटतो आणि ती त्याच्या अंगावर पाला टाकतात. तसे करू देऊ नये. बिछान्यावर चुन्याची बारीक भुकटी भुरभुरावी, जागा कोरडी राखावी आणि बहुतेक किडे उठल्यावरच पाला द्यावा. तिसऱ्या कातीनंतर गर्दी विरळ करणे फार आवश्यक आहे.

शहरात एक धोका खेड्यापेक्षा अधिक असतो. पावसाळ्यात व त्यानंतर डासांच्या नाशासाठी वस्तीत धूरफवारणी होते; घरात मच्छर-अगरबत्ती जळते; शेजारच्या गुलाबावर औषध मारले जाते. डासास मारणारे औषध रेशमाच्या किड्यासही मारते. फवारणीच्या दिवशी खिडक्या बंद ठेवून अगोदर तोडलेला पाला ओल्या गोणपाटाखाली जपून ठेवावा. रस्त्याकडेचा धुळीने माखलेला पाला टाळावा. तंबाखूच्या शेताजवळील तुतीही विषारी ठरते. तंबाखू मळलेल्या हाताने पाला घालणाऱ्यास हे स्पष्ट सांगावे, मग तो घरातला वडीलधारा का असेना. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्याने मुंग्या येत नाहीत. पाल व उंदीर यांसाठी जाळी लावावी. उझी माशी किड्याच्या अंगावर अंडी घालते, तिच्यासाठीही तीच जाळी उपयोगी पडते.

मेलेला वा सुस्त किडा दिसताच चिमट्याने उचलून चुन्याच्या भांड्यात टाकावा व नंतर पुरावा. ग्रासरी रोगात अंग फुगून त्यातून दुधासारखा द्रव येतो, मस्कार्डिनमध्ये प्रेत कडक व पांढरे होते. फ्लॅचरीत किडा मऊ पडून दुर्गंधी सुटते. अंगावर रोग दिसल्यावर औषध देऊन किडा बरा होत नाही. उरलेल्यांना वाचविणे एवढेच हाती असते.

अंड्यातून बाहेर पडल्यापासून सुमारे 24 ते 28 दिवसांनी किडा खाणे सोडतो, अंग आखडून पारदर्शक दिसू लागते व तो डोके उंचावून आधार शोधतो. त्याला चंद्रिकेवर चढवावे. दोन-तीन दिवसांत तो कोष पुरा करतो. घाई करून कोष लगेच तोडले तर आतील कोवळा जीव फुटून कोष डागाळतो. चढविल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी तोडणे योग्य. चांगल्या दुबार कोषातून 800 मीटरहून अधिक लांबीचा अखंड धागा निघतो. मात्र पतंग बाहेर पडू दिला तर कोषास भोक पडून तो अखंड उलगडत नाही. म्हणून दहा दिवसांच्या आत कोष विकावेत किंवा गरम हवेने आतील जीव मारावा. मुलांना कौतुक म्हणून किडे दाखविणाऱ्या घरात ही गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. अनेकजण त्या दिवशी मागे सरतात. ज्यांना जीव मारणे रुचत नाही त्यांनी पतंग निघू द्यावेत, आणि भोक पडलेल्या कोषांचे सूत चातीवर काढावे.

त्या पतंगांनी घातलेली अंडी मात्र पुढच्या पिकासाठी ठेवू नयेत. पेब्रिन हा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो, व मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याशिवाय तो कळत नाही. ही तपासणीची रीत फ्रान्समध्ये पाश्चरने 1860 नंतरच्या दशकात घालून दिली. शिवाय संकरित जातीचे गुण दुसऱ्या पिढीत विखुरतात. प्रत्येक पिकास नवे, तपासलेले पुंज आणावेत, आणि पीक निघाल्यावर विष्ठा व उरलेला पाला खोलीपासून दूर खड्ड्यात कुजवावा. ते खत त्याच हंगामात तुतीस घालू नये.