मूळ यादी कीं नक्कल?

१९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पायथन या संगणकभाषेंत फंक्शनला, म्हणजे नेमून दिलेलें काम करणाऱ्या आज्ञासमूहाला, यादी दिली असतां तिची नक्कल होत नाहीं. मूळ यादीच त्याच्या हातीं येते. समजा, हजेरीच्या क्रमानें ७२, ४५, ९० असे गुण मांडले आहेत. फंक्शनमध्यें 'सॉर्ट' वापरून ते चढत्या क्रमानें लाविले, तर मूळ यादीच ४५, ७२, ९० अशी होते, आणि पहिल्याचे गुण दुसऱ्याच्या नांवें लागतात! 'सॉर्टेड' मात्र नवी यादी करून देतें व जुनीस हात लावीत नाहीं. यादी मोठी असल्यास नक्कल टाळल्यानें जागा वाचते, हें खरें. तथापि मूळ यादी बदलावयाची असल्यास तें फंक्शनच्या नांवावरूनच वाचणाऱ्यास कळावें.