सिकलसेल आहे, मूल होऊ द्यावं का?

प्रश्न : मी बोईसरला राहते. मला सिकलसेलचा आजार (एसएस) आहे. मिस्टर तारापूर एमआयडीसीत कामाला आहेत. सासूबाई म्हणतात, ‘हिला बाळंतपण झेपायचं नाही.’ काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही आई होऊ शकता. जोखीम जास्त आहे, म्हणून तयारी आधीपासून हवी. पहिल्यांदा मिस्टरांचं रक्त तपासा. ‘त्यांना काही त्रास नाही’ एवढ्यावर थांबू नका. वाहकाला सहसा त्रास होतच नाही. सोल्युबिलिटी चाचणीवर न भागवता एचपीएलसी करा. अहवाल नॉर्मल आला, तर मुलं सिकलसेलची फक्त वाहक होतील. ते वाहक निघाले, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता ५० टक्के. मग १० ते १२ आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी परळच्या केईएम आवारातल्या एनआयआयएच संस्थेत आधीच चौकशी करून ठेवा.

हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल, तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोला. गोळ्या मनानं बंद करू नका. फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नका. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं, हे तुम्ही जाणताच. गरोदरपणी ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाळंतपण रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयातच करा. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाही सोबत न्या. त्यांची भीती काळजीपोटीच असेल, डॉक्टरांकडून ऐकलं की शंका विचारता येतील.