सल्लागार व्हायचंय? आधी याचिका वाचा

‘मुलगी पर्यावरण घेते म्हणते, पण नोकरी कोण देणार?’ असं विचारणाऱ्या पालकांना मी ऊर्जा आणि पर्यावरण धोरणावर सल्ला देणाऱ्या संस्थांबद्दल सांगतो. काम तिथे आहे आणि वाढतंय. युरोपीय संघाने पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंटच्या आयातीवर कार्बनचा भार टाकायला घेतल्यापासून आपल्या निर्यातदारांना उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो. भारतानेही 2023मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली.

मात्र नव्याने रुजू झालेला सल्लागार लगेच मंत्र्यांना सल्ला द्यायला जात नाही. आधी तो वाचतो. महावितरणने वीज नियामक आयोगापुढे ठेवलेली जाडजूड दर-याचिका घ्यायची, तिच्यातले तक्ते एक्सेलमध्ये उतरवायचे, शेतीपंपांचा वापर मागच्या याचिकेत वेगळा का होता ते हुडकायचं. कंटाळवाणं? बऱ्यापैकी. ज्याला या हुडकण्यात गंमत वाटत नाही त्याने, टक्के कितीही पडलेले असोत, या वाटेला जाऊ नये.

अशा वाचनाचं मोल महाराष्ट्राने पाहिलंय. 1990च्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची वीज राज्याला किती महाग पडेल, हे पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या गिरीश संत आणि सहकाऱ्यांनी आकडेमोड करून मांडलं. प्रकल्पाला विरोध करणारे पुष्कळ होते. गणित सोडवून दाखवणारे मोजके. पुढे ती वीज वीज मंडळाला खरोखरच परवडेना आणि 2001मध्ये प्रकल्प बंद पडला.

शाखेवरून घरात भांडणं नकोत. इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र, कायदा, काहीही चालतं. पुढे आयआयटी मुंबईत ऊर्जा किंवा सार्वजनिक धोरण शिकता येतं, दिल्लीत टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेचं स्वतःचं अभिमत विद्यापीठ आहे. इंग्रजीत नेटका अहवाल लिहिता यायलाच हवा. पगाराचं म्हणाल तर स्वयंसेवी संशोधन संस्था बड्या कन्सल्टन्सींइतका देत नाहीत, हे आधीच कळलेलं बरं.

कल तपासायला क्लासची फी भरू नका. घरचं वीजबिल मुलांसमोर ठेवा. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क: यातलं काय आयोग ठरवतो आणि कशाचे पैसे सरकारच्या तिजोरीत जातात, ते त्यांनाच शोधू द्या. मुलं त्यात रमली, तर पुढच्या दरवाढीच्या जनसुनावणीला त्यांना घेऊन जा. ग्राहक म्हणून तिथे तुम्हालाही बोलता येतं.